कराडमध्ये लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचाय – सामान, दर, ऑर्डरी, कागदपत्रं यांचं कसं जमवायचं?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आजवर दुसऱ्यांच्या ऑर्डरीवर ट्रॅडिशनल (विधी, गट असे ठरावीक) फोटो काढतोय. आता स्वतःच्या नावाने कराड-पाटण-इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) पट्ट्यात काम सुरू करायचंय. फ्लॅश, लाइटरूम, अल्बम डिझाइन येतं. व्हिडिओ येत नाही. गाठीशी साडेतीन लाख आहेत, कर्ज शक्यतो नको. तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन पकडायचा विचार आहे.

विचारायचं ते असं: साडेतीन लाखांतले सामानात किती घालावेत? गाळा घेऊन स्टुडिओ थाटावा की घरूनच चालवावं? दोन दिवसांच्या ऑर्डरीचा दर कसा काढायचा? इथे ४० हजारांतही "सगळं" देणारे आहेत. पहिल्या ऑर्डरी मिळवायच्या कुठून? आणि जीएसटी, गुमास्ता वगैरे सुरुवातीलाच लागतं का?

---

तिसरी_बॅटरी

सामानात दोन लाखांच्या वर जाऊ नका. उरलेले दीड लाख हे तुमचं खेळतं भांडवल. अल्बमवाल्या लॅबला, मिक्सिंगवाल्याला (व्हिडिओ एडिट करणाऱ्याला), फ्रीलान्सरला पैसे आधी द्यावे लागतात आणि पार्टीकडून शेवटचा हप्ता अल्बमबरोबर येतो. हे भांडवल कॅमेऱ्यात अडकलं की पहिल्या चार ऑर्डरींतच ओढाताण सुरू होते.

कॅमेऱ्याच्या बॉडी दोन हव्यात, एकाच माउंटच्या (एकीची लेन्स दुसरीला बसेल अशा), आणि दोन्हींना दोन-दोन कार्ड स्लॉट. यात तडजोड नाही. कार्ड कधीतरी मरतंच, आणि सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही. सोनी ए७ थ्री किंवा निकॉन झेड५ वापरलेल्या बाजारात मिळतात, दोन्ही २४ मेगापिक्सेल, दोन्हींना दुहेरी स्लॉट. लग्नाच्या अल्बमला यापेक्षा जास्त लागत नाही. १२×३६ इंची स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं मिळून) ३०० डीपीआयला ३६०० × १०८०० पिक्सेल होतो, आणि एका स्प्रेडवर एकच फोटो क्वचित लागतो.

वापरलेली बॉडी घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) बघाच, पण तेवढ्यावर जाऊ नका. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून काढा आणि मोठा करून कोपऱ्यांपर्यंत बघा. साधी धूळ ब्लोअरने सरकते. सरकत नाही तो डाग किंवा सरळ रंगीत रेघ दिसली तर सौदा सोडा. डीजेच्या लेझरने सेन्सर जळला की अशा रेघा आणि ठिपके येतात, आणि सेन्सर बदलण्याच्या खर्चात दुसरी बॉडी येते. तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यालाही वरातीत हाच धोका. लेझर थेट लेन्सवर येतोय असं दिसलं की जागा बदला. नुसतं शटर दाबायचं थांबून भागत नाही, मिररलेसचा सेन्सर कायम उघडाच असतो.

लेन्समध्ये एक २८-७५ किंवा २४-७० एफ २.८ आणि एक ८५ एफ १.८ घ्या. ७०-२०० भाड्याने आणा. सीझनमध्ये ती दहा-बारा दिवसच लागते. दोन फ्लॅश (लिथियम बॅटरीवाले, पेन्सिल सेलचे नकोत), एक-दोन गोडॉक्स एडी २०० (स्टँडवर लावायचे मोठे फ्लॅश) आणि ते दुरून उडवायला ट्रिगर.

मंगल कार्यालयातल्या उजेडाबद्दल दोन गोष्टी. छताला पत्रा किंवा भगवं-गुलाबी मांडवाचं कापड असतं, तिथे फ्लॅश वर बाउन्स केला की अख्खं कुटुंब त्याच रंगाचं होतं. मग पोस्टमध्ये त्वचेचा रंग सुधारता सुधारता शालू बिघडतो. त्यापेक्षा स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत उंच स्टँडवर एकेक एडी २००, १/८ ते १/१६ पॉवरवर, स्टेजच्या मध्याकडे रोखून ठेवा. स्टँडला वाळूची पिशवी बांधा, लहान मुलं पाय लावतातच. दुसरं म्हणजे स्वस्त एलईडी पार, म्हणजे स्टेजवरचे रंगीत दिवे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, व्हिडिओ २५ फ्रेमला १/५० वर. सायलेंट शटर बंद ठेवा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतात आणि ते धड काढताही येत नाहीत.

आता डाटा, कारण बजेट धरताना लोक नेमकं हेच विसरतात. कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, कच्ची फाइल) सुमारे २५ एमबीची. हळद ते वरात ४,००० फ्रेम धरल्या तर १०० जीबी. ४के व्हिडिओ १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी, चार तासांचे १८० जीबी. म्हणजे एका ऑर्डरीला २८० जीबी, आणि वीस ऑर्डरींना साडेपाच टीबीच्या वर. हे सगळं दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. कार्डं ६४ जीबीची चार-सहा घ्या, २५६ चं एकच नको. अल्बम हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, असा नियम केलात तर कार्डं पुरणार नाहीत. म्हणून नियम असा ठेवा: दोन डिस्कवर कॉपी झाली, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळली, चार फाइली उघडून बघितल्या, की मगच फॉरमॅट.

सामानाचा विमा काढणार असाल तर एजंटला स्पष्ट सांगा की वापर धंद्यासाठी आहे आणि सामान गावोगाव फिरतं. बॉडी-लेन्सचे सिरियल नंबर पॉलिसीत लिहून घ्या.

---

हिशेबी_माणूस

४० हजारांत सगळं देणाऱ्याकडे बघून दर ठरवू नका. आधी आपला खर्च काढा. खाली धरलेले आकडे तुमच्या भागातल्या खऱ्या आकड्यांनी बदला, रीत तीच राहील.

दोन दिवसांची ऑर्डर: हळद आणि लग्न. ट्रॅडिशनल फोटो तुम्ही स्वतः. कँडिडवाला (नकळत, सहज क्षण टिपणारा) फक्त लग्नाच्या दिवशी ८,०००. व्हिडिओवाला दोन दिवस ४,००० प्रमाणे ८,०००. मिक्सिंग ५,०००. चाळीस पानी अल्बम छपाईसह ९,०००. गाडी-पेट्रोल-हेल्पर २,५००. पेनड्राइव्ह, फ्रेम १,०००. झाले ३३,५००.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि "४० घेतले, साडेसहा सुटले" म्हणतात. पुढचं धरा. दोन लाखांचं सामान चार सीझन, सीझनला २५ ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरीमागे झीज २,०००. इंटरनेट, सॉफ्टवेअरचं भाडं, फोन, सीए, जाहिरात मिळून महिन्याला ६,००० धरले तर वर्षाचे ७२,०००, ऑर्डरीमागे २,८८०. तुमची स्वतःची मजुरी: दोन दिवस शूट आणि किमान पाच दिवस निवड, रंगसंगती, अल्बम डिझाइन, दुरुस्त्या. सात दिवस १,५०० प्रमाणे १०,५००. एकूण ४८,८८०. यात नफा शून्य आहे. म्हणून हीच ऑर्डर ५८-६० हजारांच्या खाली घेऊ नका.

४० हजारवाला काय करतो? कँडिडच्या नावाखाली शिकाऊ पोरगा पाठवतो, नाहीतर एका मुहूर्तावर तीन ऑर्डरी घेऊन तिन्हीकडे दुसरीच माणसं पाठवतो. त्याच्याशी दरात भांडायचं नाही. पार्टीला स्वस्तच हवं असेल तर दर तोच ठेवून माणसं आणि वस्तू कमी करा: कँडिड नको, अल्बम तीस पानी, हळदीला फक्त फोटो. काहीही कमी न करता दर उतरवलात की पुढच्या पावण्याला तोच दर सांगितला जातो.

सीझनचंही गणित धरा. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्नं जवळजवळ नाहीत. तुळशीविवाहानंतर सुरू होतात, धनुर्मासात मंदावतात, मग माघ-फाल्गुन आणि वैशाख-ज्येष्ठात गर्दी. गुरू-शुक्राचा अस्त असेल तर मधले आठवडे जातात. अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला तर आणखी फटका. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून होता. दाते पंचांग घ्या, वर्षाच्या सगळ्या मुहूर्तांच्या तारखा एका वहीत उतरवा आणि त्यातल्या किती तारखांना तुमच्याकडे माणसं आहेत ते बघा. आपला माल म्हणजे तारखा, आणि त्याच आधी संपतात. दाट मुहूर्ताच्या दिवशी फ्रीलान्सर ऐनवेळी जास्त दराकडे पळतो, म्हणून त्यालाही तारीख ठरताच हजार-दोन हजार विसार द्या आणि व्हॉट्सॲपवर "पोचले, अमुक तारीख पक्की" असं लिहून घ्या.

पैसे तीन टप्प्यांत घ्या: तारीख धरताना ३० टक्के, हळदीच्या सकाळी ५० टक्के, अल्बम छपाईला पाठवण्याआधी २० टक्के. छपाईआधी, अल्बम दिल्यावर नाही.

गाळ्याचं म्हणाल तर पहिलं वर्ष नको. कराडात बऱ्या रस्त्यावरच्या गाळ्याचं डिपॉझिट आणि भाडं काढायला पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन करत बसावं लागतं, आणि त्यासाठी एक माणूस दिवसभर अडकतो. पार्टीशी बोलणी त्यांच्याच घरी करा. नाहीतरी तिथे आजीपासून मामापर्यंत सगळे जमलेले असतात, निर्णय तिथेच होतो.

कागदपत्रं:

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून होते, फी शून्य. पैसे मागणारी खासगी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या नादी लागू नका. चालू खातं उघडायला आणि पुढे कर्ज लागलंच तर उपयोगी पडते.

गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी): २०१७ च्या कायद्यानुसार, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना नाही, ऑनलाइन फक्त सूचना द्यायची. त्याची पावती जपून ठेवा, बँक मागते.

व्यवसाय कर: स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्याला पीटीईसी (या कराची स्वतःची नोंदणी), वर्षाला २,५००. बरेच जण हा भरत नाहीत आणि पुढे व्याज-दंडासह एकदम भरतात.

जीएसटी: सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची, दर १८ टक्के. ही उलाढाल म्हणजे पार्टीकडून आलेली पूर्ण रक्कम. "त्यातले ३३ हजार तर मी वाटले" हा हिशेब तिथे चालत नाही. ६० हजारांच्या ३३ ऑर्डरी म्हणजे १९ लाख ८० हजार, त्यामुळे तिसाव्या ऑर्डरीच्या आसपास सावध व्हा. बेळगाव-गोव्याची ऑर्डर आली तरी सेवेला हीच २० लाखांची मर्यादा आहे. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नसतो, काही जण लावतात, तो गुन्हा आहे.

---

सुपारी_फुटली

मार्केटिंगचं सांगते. आपल्याकडे सुपारी फुटली, तारीख निघाली की आधी कार्यालय धरतात, मग आचारी किंवा केटरर, आणि त्याच आठवड्या-दोन आठवड्यांत फोटोवाला. तुम्हाला दिसायचंय ते या मधल्या दिवसांत. म्हणून पहिली मेहनत कार्यालयाच्या मॅनेजरवर.

पण त्यांच्याकडे हात हलवत व्हिजिटिंग कार्ड द्यायला जाऊ नका, तसली कार्डं खोकंभर पडलेली असतात. ऑर्डरीच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी, सजावट पूर्ण झाल्यावर वीस मिनिटं काढा. रिकामा हॉल, स्टेज, भोजनगृह, बाहेरची कमान, पार्किंग असे दहा-बारा फोटो कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून काढा, उभ्या रेषा सरळ करा आणि दोन दिवसांत मॅनेजरला पाठवा. त्याच्याकडे मोबाइलने काढलेले तिरके फोटो असतात. तुमचे तो गूगलवर आणि व्हॉट्सॲपवर वर्षभर वापरतो, कोणी काढले विचारलं की तुमचा नंबर देतो. मेकअपवालीला नवरीचे आठ-दहा फोटो ४८ तासांत. डेकोरेटरला स्टेजचा पूर्ण फोटो, लोक नसलेला. या लोकांना स्वतःच्या कामाचे चांगले फोटो कधीच वेळेवर मिळत नाहीत, फोटोवाले "अल्बम झाल्यावर देतो" म्हणतात आणि विसरतात.

कार्यालयवाले कमिशन मागतील. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण दिलंत तर ते दरात आधीच धरलेलं असू द्या, आणि "आमच्याकडे हाच फोटोवाला" अशी सक्ती असलेल्या ठिकाणी तुमचं नाव पार्टीच्या मनातून आधीच उतरलेलं असतं.

दुसरं, गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल. फुकट आहे. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देत असलेली गावं टाकता येतात: कराड, मलकापूर, पाटण, उंब्रज, इस्लामपूर. पडताळणीला हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात, त्यात सामान, नाव छापलेली बॅग, बिलबुक दाखवावं लागतं, तेव्हा आधी ते तयार ठेवा. नाव जसं बिलावर तसंच लिहा. "कराडमधील सर्वोत्कृष्ट वेडिंग फोटोग्राफर" असं नावात घुसडलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. रिव्ह्यू मागायची वेळ म्हणजे अल्बम हातात दिल्याची संध्याकाळ, थेट लिंक पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात फ्रेम फुकट वगैरे देऊ नका, गूगलच्या नियमात बसत नाही.

इन्स्टाग्रामवर सुरुवातीला शंभर सुटे फोटो नकोत. दोन लग्नं पूर्ण दाखवा, घाणा भरण्यापासून गृहप्रवेशापर्यंत. मुलीकडची आई "ह्यांनी झाल घेतलीय का, कानपिळी घेतलीय का" हे बघते. मुलगी स्वतःच्या मेकअपसारखा मेकअप फोटोत कसा दिसतो ते बघते. दोघींना उत्तर मिळालं पाहिजे. वर तीन पोस्ट पिन करता येतात: एक काम दाखवणारी, एक पॅकेजमध्ये काय मिळतं ते सांगणारी, एक संपर्काची. बिझनेस अकाउंटला सिनेमाची बरीच गाणी मिळत नाहीत, म्हणून लोक एडिटिंगमध्येच गाणं घालतात, मग आवाज बंद होतो किंवा रील उडते. त्यापेक्षा सनई, मंगलाष्टकं, हसणं-खिदळणं असा जागेवरचा आवाज रेकॉर्ड करा, त्याने रील जास्त जिवंतही वाटते.

सगळ्यात मोठी फुकटची जाहिरात मात्र वेगळीच आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असतो. पूजा उरकून मंडळी हातात मोबाइल घेऊन बसेपर्यंत २०-२५ निवडक फोटो पाठवा, त्यात नवरा-नवरीचे दहाच, बाकी आजी, मामा-मामी, करवल्या, विहीणबाई. त्या दिवशी सगळ्या भावकीच्या स्टेटसला तेच फोटो असतात. कोपऱ्यात बारीक नाव पुरे. फोटोच्या मध्ये आडवं नाव टाकलंत तर कोणी लावणार नाही.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर फार विसंबू नका. एका यादीत २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. फ्लेक्स लावणार असाल तर नगरपरिषदेची परवानगी घेऊनच. चौकातल्या वाढदिवसांच्या गर्दीत तो वाचणार कोण, हा प्रश्न वेगळा.

---

अंतरपाट

वरचं सगळं ठीक, एका गोष्टीवर भर द्यायचाय. पहिल्या दोन ऑर्डरींनंतर नाव होतं किंवा जातं ते ठरावीक पाच-सहा क्षणांवर, आणि त्यांची तयारी आधी करता येते.

अंतरपाट दूर होतो तो क्षण घ्या. शेवटचं मंगलाष्टक बहुतेक भटजींचं ठरलेलं असतं, "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की जागेवर असायला हवं. कुठली जागा? नवरा-नवरी समोरासमोर असतात, तेव्हा अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत उभं राहिलं तर दोघांचे चेहरे बाजूने एकाच अंतरावर मिळतात, एफ ४ ला दोन्ही शार्प. भटजींना आधीच विचारा की अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, तुमच्याच बाजूला ओढला तर फ्रेमभर कापड येतं. कँडिडवाला नवरीच्या मामाच्या खांद्यावरून नवऱ्याच्या चेहऱ्यावर, व्हिडिओवाला समोर. तिघांची जागा हळदीच्या दिवशीच ठरवा.

त्या क्षणी दोन गोष्टी घात करतात. एक, अक्षता. ऑटोफोकस उडत्या तांदळावर जातो. म्हणून फोकस बॅक बटणावर (कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर) ठेवा, अंतरपाट असतानाच नवरीच्या कानातल्यावर किंवा मुंडावळीवर पकडून ठेवा आणि मग नुसतं शटर. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद, नाहीतर लेन्सजवळची अक्षत पांढऱ्या गोळ्यासारखी उमटते. उजेड बाजूच्या स्टँडवरून. दोन, पाहुण्यांचे मोबाइल. सगळे एकदम उठतात. स्टेजच्या कडेला दोन पायऱ्यांचं स्टूल ठेवा आणि हेल्परला तिथेच उभं करा.

लग्नाआधी दोन्ही घरच्यांकडून विधींची यादी लिहून घ्या. मराठा, ब्राह्मण, लिंगायत, जैन, बौद्ध, प्रत्येकाकडे क्रम वेगळा, काही विधी एका घरी असतात तर दुसऱ्या घरी नसतात. बौद्ध पद्धतीत त्रिशरण-पंचशील आणि हार घालणं हाच मुख्य भाग, फार लवकर उरकतो, तिथे मंगलाष्टकांसारखा तयारीचा वेळ मिळत नाही. ज्यांच्या नावाचा रुसवा होऊ शकतो अशा नातलगांची वेगळी यादी घ्या: एकत्र फोटो हवाच असे दहा गट. घरातला एक माणूस त्या यादीसाठी तुमच्यासोबत लावून द्या असं सांगा, तुम्हाला चुलते कोण आणि साडू कोण हे कळणार नाही.

अल्बम: घडी बरोबर मधोमध, ३६ इंचांत १८ वर, तिथे चेहरा नको. कडेला अर्धा इंच मोकळा. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत. मॉनिटर फार उजळ ठेवून रंग केलेत की छापून आलेला अल्बम काळवंडलेला दिसतो आणि दोष लॅबला जातो. पहिल्या अल्बमआधी लॅबकडून चार नमुना प्रिंट मागवा आणि मॉनिटरचा उजेड त्याच्याशी जुळवा.

"नावासाठी दोन-तीन ऑर्डरी फुकट करा" असा सल्ला तुम्हाला मिळेल. लग्न फुकट करू नका. फुकटच्या ऑर्डरीत पार्टी तुम्हाला पाहुण्यांपैकीच एक धरते, कोणी जागा देत नाही. पोर्टफोलिओ हवा तर डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा कमी दरात करा, तीन तासांत आटपतं.

---

सुपारी_फुटली

@अंतरपाट, फुकट नको हे मान्य, पण पहिल्या सीझनला ६० हजारच धरून बसलं तर कराडात पोर्टफोलिओशिवाय कोण देणार? एखाद-दुसरी ऑर्डर खर्चाच्या भावाला घ्यायला हरकत नाही, फक्त कोटेशनवर पूर्ण दर लिहून खाली "उद्घाटन सवलत" म्हणून रक्कम वजा दाखवा. म्हणजे पुढच्या पावण्याकडे जातो तो आकडा पूर्ण दराचा.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. ड्रोन घ्यावा का? सगळे विचारतात. आणि करारात नेमकं काय लिहायचं? इथे कोणी करार करत नाही, कागद पुढे केला तर पार्टी बिचकेल का?

---

हिशेबी_माणूस

ड्रोन घेऊ नका, ड्रोनवाला बोलवा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला तर धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, तृतीय पक्ष विमा लागतो. परदेशी तयार ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे बाजारात मिळतोय तो कुठल्या वाटेने आला आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार हे विचारा. कराडला धावपट्टी आहे, तेव्हा उडवण्याआधी सरकारी नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते बघायचं. तिथेही उंची ४०० फुटांपर्यंतच. बोलावलेल्या माणसाकडून प्रमाणपत्राची प्रत घ्या. गर्दीवर ड्रोन पडला तर पार्टी तुमचंच नाव सांगणार. प्री-वेडिंगला संरक्षित किल्ले-लेण्यांवर पुरातत्त्व खात्याची आणि वनक्षेत्रात वन खात्याची परवानगी आधी, तीही पार्टीच्या खर्चात, कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून.

---

अंतरपाट

करार म्हणू नका, "ऑर्डर फॉर्म" म्हणा. बिलबुकासारखा दोन प्रतींत, मराठीत, एका पानात. कोणी बिचकत नाही.

त्यात हे हवंच: तारखा आणि तास. "वरात संपेपर्यंत" असं लिहू नका, "रात्री १० पर्यंत, पुढे तासाला इतके" लिहा. कोण माणसं किती. अल्बमचा आकार, पानं, कागद, त्यावर किती फोटो बसतील. एडिट केलेले फोटो किती, सगळा रॉ डाटा मिळणार नाही. जेवण, आणि बाहेरगावी राहायची सोय. तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्स नव्या तारखेला वळता, पण तुमची ती तारीख मोकळी असेल तरच. पूर्ण रद्द झाली तर ॲडव्हान्स परत नाही.

फोटो निवडीला मुदत घाला, ३० दिवस. ही ओळ नसेल तर निवड सहा-सहा महिने लोंबकळते, तोवर लॅबचे दर वाढतात, आणि शेवटी "अजून अल्बम दिला नाही" अशी बोंब तुमच्या नावाने होते. दुरुस्त्या दोनदा फुकट, पुढे पैसे. डाटा अल्बम दिल्यापासून ९० दिवस सांभाळणार, नंतर जबाबदारी नाही.

फोटोंचा हक्क: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे फॉर्मवर काही लिहिलं नसेल तर ते फोटो पार्टीचे, आणि तुमच्या इन्स्टाग्रामवर टाकायलाही त्यांची संमती लागते. म्हणून दोन चौकोन छापा: "जाहिरातीसाठी वापरण्यास संमती आहे / नाही". सही नवरा-नवरी दोघांची घ्या, वडिलांची पुरत नाही. प्री-वेडिंगचे फोटो लग्न पार पडेपर्यंत टाकूच नका. ठरलेलं मोडलं तर ते काढून टाकायची वेळ येते, तोवर स्क्रीनशॉट फिरलेले असतात.

पेनड्राइव्हचंही तिथेच लिहा: फोटो जेपीजी, व्हिडिओ फुल एचडी एच.२६४. फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केला तर ४ जीबीवरची एक फाइल बसत नाही, एक्सफॅट केला तर काही जुने टीव्ही वाचत नाहीत. अडीच तासांचा व्हिडिओ विधींप्रमाणे तुकडे करून ४ जीबीच्या आत ठेवा आणि फॅट ३२ द्या. आजीला कन्यादान बघायचं तर थेट ती फाइल लावता येते, आणि "पेनड्राइव्ह चालत नाही" म्हणून येणारे निम्मे फोन बंद होतात.